मार्गशीर्ष वद्य पंचमी

घोडा विकायला आलेल्या माणसाचं महिपतराव भोइटे एक अक्षर ऐकून घेत नसत. तो आपला सांगतोय, पाच वर्षांचा आहे, काठेवाडी आहे, अमक्या जहागीरदाराच्या तबेल्यातला आहे. आणि हे पुढे होऊन जनावराचा ओठ वर करायचे. दात बघायचे, खूर उचलायचे, डोळ्यासमोर बोट फिरवायचे. मग विकणाऱ्याकडे न बघताच म्हणायचे, "नऊचा आहे. आता बोला."

तीस वर्षं सरकारी पागेत काढलेला हा दफेदार. सही करण्यापुरतं अक्षर येत होतं, वाचता येत नव्हतं. पण त्यांना फसवायची आमच्या लष्कर शहरात कुणाची छाती नव्हती.

आमच्या कंपू मोहल्ल्यातल्या आजच्या पोरांना मात्र ते स्टेशनवरचा वेडा म्हातारा म्हणूनच माहीत आहेत. परवा सभेच्या बैठकीत एका शिकलेल्या गृहस्थांनी अडाणी लोक कसे वाटेल त्यावर विश्वास ठेवतात याचा दाखला म्हणून त्यांचंच नाव घेतलं, आणि सगळे हसले. मी उठून बाहेर आलो. आत थांबलो असतो तर हात उचलला असता. महिपतराव अडाणी असतील, वाटेल त्यावर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांना त्या प्लॅटफॉर्मवर मी नेऊन उभं केलं. मी, म्हणजे चौथीत शाळा सोडलेला, छापखान्यात टाइप जुळवता जुळवता वाचायला शिकलेला, आणि त्याचा ताठा आजवर न गेलेला मधुसूदन.

त्यांचा एकुलता एक मुलगा शिवाजीराव. पलटणीबरोबर आफ्रिकेला गेला तेव्हा चोवीसचा होता, बायको विमल अठराची. आमची घरं भिंतीला भिंत लागून, म्हणून मी तिला वहिनी म्हणायचो आणि महिपतरावांना काका.

सतरा साली, संक्रांतीच्या आधी चार दिवस, फौजी कचेरीचा कागद आला. शिवाजीराव वल्द महिपतराव, तीन डिसेंबर रोजी ज्वराने मयत. दोन ओळी आणि शिक्का. वाचून मीच दाखवला. काका ऐकत असताना चामड्याच्या लगामाला तेल लावत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी तो लगाम पूर्ण केला, खुंटीला टांगला आणि मग खाली बसले.

प्रेत तर समुद्रापार. भटजी म्हणाले, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा लागेल. तीनशे साठ पानं लागतात. ती मोजून टोपलीत ठेवलेली, वहिनीच्या हातातल्या बांगड्या फोडून झालेल्या, आणि त्याच सकाळी टपालवाल्याने पाकीट आणून दिलं. आफ्रिकेचं. शिवाजीरावाच्या हातचं.

पत्रात विशेष काही नव्हतं. तब्येत ठीक आहे, डास फार आहेत, भाऊसाहेबांनी, म्हणजे काकांनी, गुडघ्याला एरंडेल लावावं, विमलला माहेरी पाठवायची तर खुशाल पाठवावी. माझी नजर वरच्या ओळीवर गेली. मार्गशीर्ष वद्य पंचमी.

मी घरी धावलो, चालू सालचं पंचांग काढलं. मार्गशीर्ष वद्य पंचमी म्हणजे चौदा डिसेंबर. कचेरीच्या कागदावर मृत्यू तीन डिसेंबरचा.

परत आलो आणि भटजींच्या देखत मोठ्याने म्हणालो, "काका, मेलेला माणूस अकरा दिवसांनी पत्र लिहितो का?"

मग काका उठले. पत्र हातात घेतलं, वाचता येत नसताना डोळ्यांजवळ नेलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला. अगदी घोड्याच्या दातावरून फिरवायचे तसा.

"हात त्याचाच आहे," म्हणाले. "भटजी, ती पानं घेऊन जा."

दुपारी कासार आला आणि वहिनीने पुन्हा हिरव्या बांगड्या भरल्या. आठ दिवसांनी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला वाटलं, हे मी केलं. बावीस वर्षांचा होतो. अशी चव एकदा जिभेला लागली की जात नाही.

आणि आमचा संशय अगदी हवेतला नव्हता, हेही सांगतो, कारण हसणाऱ्यांना ते माहीत नाही. आमच्याच गल्लीतल्या मल्हाररावांना त्याच कचेरीने मयत लिहिलं होतं आणि ते होळीला चालत घरी आले होते. स्वतःच्या वर्षश्राद्धाचे लाडू खाल्ले असं ते स्वतःच सांगून हसवायचे. कागद खोटा असू शकतो हे आम्ही उघड्या डोळ्यांनी बघितलं होतं. तिथून पुढची उडी मी मारली. एक कागद खोटा निघाला, म्हणजे सगळेच खोटे.

काकांच्या ओट्यावर माणसं जमायला लागली. ज्यांचे मुलगे, भाऊ तिकडे होते ती. कुणाचं पत्र तीन महिने नाही, कुणाचं आलं तर अक्षर वेगळं. मी मधोमध बसून जुळवायचो. छापखान्यात टाइपाचे खिळे जुळवावेत तसा. गोऱ्यांनी आपली माणसं एका बेटावर रस्ते बांधायला ठेवली आहेत. पगार द्यायला नको म्हणून कागदावर मारली आहेत. हे बेट कुठलं, कुणी पाहिलं, असं कुणी विचारलंच तर मी हसायचो. "पाहिलेल्याला परत येऊ देतील का?"

पत्र आलं तर आमचा मुद्दा खरा, नाही आलं तर दुप्पट खरा. आज हे लिहिताना मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. त्या वेळी मात्र ओट्यावरून उठून घरी जाताना छाती फुगलेली असायची. काकासुद्धा ताठ चालायला लागले होते. पोरगा गेलेला बाप म्हणून लोक त्यांच्याशी हळू बोलायचे, ते आता सल्ला विचारायला येत होते.

एकोणीस साली दौलतसिंह आला.

तो भिंडकडचा, शिवाजीरावाच्याच कंपनीतला. सुटून घरी जाताना वाट वाकडी करून मुद्दाम लष्करात उतरला होता. उंच, हडकुळा, तापाने पिवळा पडलेला. चपला काढून ओट्याखाली उभा राहिला, काकांच्या पायांना हात लावला आणि तिथेच रडायला लागला.

"दाऊ, मैंने अपने हाथ से लकड़ी दी उसको."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. घोडा दारात आला आहे, बघ, अशा नजरेने. आणि मी बघायला लागलो.

"कहाँ मरा?"

"नदी के पास छावनी थी. अस्पताल के तंबू में."

"कौन सी नदी?"

"नाम... अजीब नाम था भैया. याद नहीं."

"नदीचं नाव याद नाही," मी ओट्याकडे वळून मराठीत म्हणालो. मग त्याला, "दिन में जलाया कि रात में?"

"साँझ थी."

"अँधेरा था?"

"हो चला था."

"फिर रात कहो ना. पहले साँझ, अब रात. पंडित था?"

"था. हमारी कंपनी का ही..."

"और ये?" मी पत्र काढून त्याच्या तोंडापुढे धरलं. "तीन तारीख को जलाया ना? फिर चौदह तारीख को ये लिखा किसने? तूने?"

त्याला मराठी वाचता येत नव्हतं. त्याने पत्र उलटंसुलटं केलं. "अक्षर तो सिबाजी का ही है," म्हणाला. "मैं क्या जानूँ भैया. मैं तो जो देखा सो कह रहा."

"किसने भेजा तुझे? क्या दिया?"

कुणीतरी हसलं. दौलतसिंहाने डोळे पुसले, एकदा काकांकडे पाहिलं. काका लगामाकडे बघत होते. दाराआड वहिनी उभी होती; तिच्या बांगड्या वाजल्या, तिला काहीतरी विचारायचं असावं. पण एवढ्या पुरुषांत ती बोलणार कशी, आणि मी कुणाला बोलू देत होतो? तो चपला पायांत घालून निघून गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, छापखान्यात, एक लग्नपत्रिका माझ्या हातात आली. मुरारकडच्या हिंदी घरातली. मुलाची बाजू हिंदी, आणि यजमानांचे दिवाण मराठी. म्हणून मजकूर दोन्हीत छापायचा होता. हिंदीत तिथी अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, बदी सात. मराठीत कार्तिक वद्य सप्तमी. मुद्रितं तपासणाऱ्या रमाकांतला मी ओरडलो, "अरे, महिना चुकलाय."

तो न बघताच म्हणाला, "चुकला कुठे? त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. वद्य पक्षात ते आपल्यापुढे एक महिना असतात. लष्करात जन्म गेला तुझा, हे काय नवीन सांगू?"

नवीन नव्हतंच. हे इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आपली कृष्णाष्टमी श्रावणात, शेजारच्या मिश्रांची भादोंमध्ये, आणि दिवस एकच. मला हे माहीत होतं. सतरा सालीही माहीत होतं.

हातातला खिळ्यांचा साचा मी खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी भिंडच्या छोट्या गाडीत बसलो आणि गोहदच्या पुढे दौलतसिंहाच्या गावी गेलो. तो खळ्यात होता. मला ओळखलं, तरी खाट टाकली. मी बसलोही नाही. विचारलं, "वहाँ तिथि कौन बताता था? पंचांग था किसी के पास?"

"पंचांग कहाँ. कंपनी के पंडितजी थे, हमारे भिंड के ही. उन्हीं से पूछते थे सब. सिबाजी भी उन्हीं से पूछता, फिर अपनी बोली में लिख लेता."

पंडितजींनी सांगितलं अगहन बदी पाँचें. शिवाजीरावाने अगहनचा मार्गशीर्ष केला, बदीचं वद्य केलं, आणि लिहिलं. पत्र नोव्हेंबरच्या मध्यावर लिहिलेलं होतं. तो त्यानंतर जेमतेम अठरा-एकोणीस दिवस जगला.

मी तसाच उलट्या पावली स्टेशनवर आलो. दौलतसिंह मागून म्हणत होता, "रोटी तो खा लो." मला त्या दिवशी फक्त माझी चूक मोजायची होती. बाकी काही विचारायचं सुचलं नाही.

काकांना सांगायला मला अकरा दिवस लागले. भीती नव्हती, ताठा होता. ज्याच्या शब्दावर पन्नास माणसं मान डोलावतात त्याने कसं म्हणावं की मी पंचांगाचं पान चुकीचं उघडलं. शेवटी एका दुपारी ओट्यावर कुणी नसताना सगळं सांगितलं. दोन्ही पंचांगं पुढे ठेवली, बोट ठेवून दाखवलं.

काकांनी सगळं ऐकलं. मग शांतपणे विचारलं, "तू काढायचं म्हणतोस त्या वाचनालयाला सरकारची परवानगी मिळाली म्हणे परवा."

"हो. पण त्याचा..."

"दोन वर्षं अडवून ठेवली होती ना? मग एकदम कशी मिळाली?"

"काका, अर्ज केला होता, तीनदा."

"तीनदा अर्ज मीही केलाय, शिवाजीचा ठावठिकाणा द्या म्हणून. मला काय मिळालं?" ते माझ्याकडे बघत होते, आणि ती नजर मला ओळखीची होती, मीच ती दौलतसिंहावर वापरली होती. "तू तिथे त्या भिंडवाल्याकडे गेला होतास. एकटाच. आम्हाला न सांगता. आणि येताना नवा हिशोब घेऊन आलास. कुणी पाठवलं तुला मधू?"

"काका, मी तुमच्या मांडीवर वाढलोय."

"म्हणून तर तुलाच गाठला त्यांनी. तुझंच मी ऐकणार, हे ठाऊक आहे सगळ्यांना."

प्रत्येक वाक्य माझंच होतं. मी शपथ घेतली असती तर शपथेवर शंका आली असती. रडलो असतो तर म्हणाले असते, रडायलाही शिकवलंय. मी पंचांगं उचलली. ओट्यावरून उतरताना ते म्हणाले, "जनावर एकदा खोटं निघालं की पुन्हा त्याच्यावर स्वार होऊ नये. ये नको आता इथे."

ओट्यावरच्या मंडळींनाही मी एकेकाला गाठून सांगितलं. काहींनी मान्य केलं, घरी जाऊन श्राद्धं घातली. काही माझ्या तोंडावर थुंकले. ओटा हळूहळू रिकामा झाला. काका मात्र त्याच महिन्यापासून रोज सकाळी मुंबईकडची गाडी बघायला स्टेशनवर जाऊ लागले. दाढी केलेली, फेटा बांधलेला. गाडी आली की डब्या-डब्यातून उतरणाऱ्या प्रत्येकाकडे नीट बघायचे. गाडी गेली की फूलबागेवरून पायी परत. आठ वर्षं.

वहिनीने माझं खरं मानलं होतं. काकांना सांगितलं त्याच संध्याकाळी परसातल्या भिंतीवरून तिने विचारलं होतं, "भावजी, ते दोन्ही महिन्यांचं पुन्हा सांगा." मी सांगितलं. तिने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. म्हणाली, "हो. बरोबर आहे." आणि आत गेली.

गोरखीच्या शाळेत मुलींना शिवण शिकवायला बाई हवी होती. तिला जाता आलं असतं. माझ्या ओळखीच्या शांताताईंनी शब्द टाकला होता. ती म्हणाली, "नाही जमायचं. मी विधवा म्हणून दाराबाहेर पडले तर मामंजींना कळेल मी काय मानते. त्यांच्याकडे आता मीच एक उरलेय, त्यांच्या बाजूची."

मग आठ वर्षं ती कुंकू लावत राहिली. वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळायची. संक्रांतीला बायका वाण द्यायच्या, ती घ्यायची. काका स्टेशनवरून आले की विचारायची, "आज गर्दी होती का?" ते म्हणायचे, "होती. उद्या बघू." नवरा गेल्याचं तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्या घरात तिला एकदाही रडता आलं नाही. मी भिंतीपलीकडे होतो. ऐकू आलं असतं.

एकोणतीस साली थंडीत काका गेले. निमोनिया. मला बोलावलं नाही, मी गेलो. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुतण्या जयसिंहरावाने अग्नी दिला. तेरावा उरकल्यावर वहिनीने भटजींना थांबवलं आणि म्हणाली, पळसाची पानं आणा. तेरा वर्षांनी शिवाजीरावाचा पुतळा जळला. बघायला चार माणसं होतो.

पंधरा दिवसांनी ती भिंतीशी आली. कपाळ मोकळं. "भावजी, मला त्या दौलतसिंहाकडे न्या. ते गेले तेव्हा हा जवळ होता. मला ऐकायचंय. त्या दिवशी दाराआड उभी होते, पण तुम्ही त्याला बोलूच दिलं नाहीत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आम्ही गेलो. बरोबर शांताताई आल्या. खळ्यात दुसराच कुणी होता. दौलतसिंह दोन वर्षांपूर्वी वारला होता. तो आफ्रिकेचा ताप दरसाल उलटायचा, त्यातच. त्याच्या बायकोने आम्हाला ओसरीत बसवलं, ताक दिलं. वहिनीने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, लढाईवरचं काही सांगायचे का ते.

"सुनाते तो बहुत थे बहन. रोज सुनाते थे. हम काम में लगे रहते, कौन सुनता." मग म्हणाली, "एक बात याद है. कहते थे, कोई था जिसको जाड़ा बहुत लगता था. उतनी गरमी में भी. अपना कंबल उसको ओढ़ा देते थे, फिर भी काँपता था."

वहिनीच्या हातातला पेला थांबला. माझ्या तोंडाशी प्रश्न आला होता. ताप तर पलटणीत निम्म्या लोकांना होता, हा कोणता? प्रश्न रास्त होता, पण मी ओठ घट्ट मिटून घेतले. या ओसरीत प्रश्न विचारायचा हक्क मी दहा वर्षांपूर्वीच घालवला होता.

तो वहिनीनेच विचारला. "वो मराठा था? सिबाजी?"

"नाम तो नहीं पता बहन. झूठ क्यों कहूँ."

वहिनीने मान हलवली, ताक संपवलं, आणि पेला स्वतः विसळून ठेवला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. गोहद गेल्यावर म्हणाली, "तेच असतील असं नाही."

"नाही," मी म्हणालो.

"नसतील असंही नाही."

"नाही."

"मग कुणीतरी पांघरूण घातलं होतं, एवढं धरते मी. यांना घातलं की दुसऱ्या कुणाला, ते राहू दे." आणि मग तिने पदर तोंडावर घेतला आणि रडायला लागली. गाडी मुरारच्या जवळ आली तरी तिचं रडणं थांबलं नाही. डब्यातली माणसं बघत होती. शांताताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी समोरच्या बाकावर बसून होतो, मला कुठे बघावं कळेना.

उतरताना ती म्हणाली, "तुम्ही हे कधीतरी लिहाल. लिहा. पण पांघरुणाचं लिहिताना ते हेच होते असं लिहू नका. नक्की नाही म्हणून लिहा."

नक्की नाही.